आलूबोंड्याचं शेपूट

दारव्ह्याच्या तहसीलमागच्या खोलीत
भाचीच्या दहा बोटांचे ठसे देता देता
दुपारचा दीड वाजला.
मशीनला तिचा उजवा अंगठा दिसेना.
पुसा, अजून पुसा, ऑपरेटर म्हणाला.
मी माझ्या शर्टाला पुसला,
तिनं तिच्या फ्रॉकला,
मग तिनं त्यावर तोंडाची वाफ सोडली
आणि सरकारला ती दिसली.

तिथून भोयरांच्या हॉटेलात.
भिंतीवर पाटी : एका प्लेटवर दोघांनी बसू नये.
म्हणून दोन प्लेटा सांगितल्या.
माझ्यावर तर्री, तिच्यावर कढी.

मला लेकरासोबत खायची सवय नाही.
चाळिशीतला एकटा माणूस मी,
ताटात नजर घालून जेवतो
आणि हात धुवून उठतो.
मला काय माहीत,
बोंडा आधी फोडून वाफ जाऊ द्यायची,
मिरची आपल्याकडे ओढून घ्यायची,
गिलास तिच्या कोपरापासून
वीतभर लांब ठेवायचा.
हे सगळं वेटरनं केलं, न बोलता.
सोळाचं पोट्टं,
घरी लहान बहीण असावी त्याच्या.

समिधा बोंडा कडेकडेनं खात होती,
धुऱ्यापासून आत आत वखरत गेल्यासारखी.
आणि प्लेटीच्या काठावर
बेसनाचं एक शेपूट,
तळताना बोंड्याला सुटलेलं,
लालसर, कुरकुरीत,
कढी लागू नये अशा बेतानं
बाजूला.

मला वाटलं, टाकलं.
उचललं आणि तोंडात घातलं.

ती रडली नाही.
रडली असती तर बरं झालं असतं,
रडण्याला निदान काहीतरी हातात देता येतं.
तिनं दोन्ही हातांनी प्लेट
माझ्याकडे ढकलली, पार माझ्या पोटाला लागेपर्यंत.
'घे. सारंच खाय.'

बाजूच्या टेबलावरचे दोघं
बशीत चहा ओतता ओतता थांबले.
'अवो, मले वाटलं तुले नाई पायजे.'
'इचारलं काय?'

नव्हतं विचारलं.
सकाळपासून कोणीच विचारलं नव्हतं.
ऑपरेटरनं तिचं बोट धरलं,
त्याच्या मदतनिसानं मनगट धरलं,
आणि मागून खांद्यावरून वाकून
मीच म्हणत होतो, दाब, जोरानं दाब.

माझ्या प्लेटीत शेपूट नव्हतं.
असलंच तर तर्रीत भिजून मेलं होतं.
मी उठलो, कढईपाशी गेलो,
मोठ्या माणसाला सांगायला लाज वाटावी
अशी गोष्ट भोयरांना सांगितली.
त्यांनी झारा तेलात खोलवर फिरवला,
वर आलेला चुरा पेपरात बांधला.
पैसे विचारले तर
माझ्याकडे पाहिलंच नाही.

पुडी तिच्यासमोर उघडली.
हात मांडीखाली घेतले.
'एक घेऊ काय?'

तिनं सगळा चुरा चिवडला.
एक उचललं, परत ठेवलं.
दुसरं नाकाशी नेलं, परत ठेवलं.
शेवटी सगळ्यात बारकं, करपलेलं
माझ्या तळहातावर टेकवलं.
कडू होतं.
मस्त हाय, मी म्हणालो.

'तुह्यातलं घेऊ?' तिनं विचारलं,
आणि मी हो म्हणायच्या आत
बोट तर्रीत बुडवून चाटलं.
मग माझा गिलास प्याली, तिचा गिलास प्याली,
डोळ्यांतलं पाणी पुसून
पुन्हा बोट बुडवलं.
उजवा अंगठा, तोच,
स्टीलच्या गिलासावर आता
लालभडक उमटला, एकदाही न पुसता.

दिग्रसच्या गाडीत
बोरी येण्याआधीच ती माझ्या दंडावर कलंडली.
मुठीत पुडी.
पुडीतून एकच शेपूट बाहेर आलेलं,
खड्ड्याखड्ड्याला हलत होतं,
लांब, लालसर,
बिलकूल न करपलेलं.

मी खिडकीबाहेर पराटी पाहत राहिलो.
झोपलेल्या माणसाला
विचारता येत नाही.